‘कम्युनिटी कॉलेजच ना?’

ताई, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, वय ४१. मे महिन्यात कम्युनिटी कॉलेजातून (इथलं स्थानिक सरकारी कॉलेज) माझी नर्सिंगची दोन वर्षांची असोसिएट डिग्री पूर्ण होतेय. लेक म्हणते, मोठी पार्टी करू. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणतात, ‘आधी लायसन्सची परीक्षा पास हो, मग पेढे वाट.’ आमच्या ग्रुपात सगळे एमएस, पीएचडी. एकीने ‘कम्युनिटी कॉलेजच ना?’ विचारल्यापासून मलाच लाज वाटायला लागलीय. काय करू?

पार्टी करा. आणि परीक्षेच्या आधीच करा.

सासूबाईंची काळजी समजते, पण त्या दोन गोष्टी एकात घालतायत. पदवी कॉलेज देतं, लायसन्स राज्याचं नर्सिंग बोर्ड देतं. एनक्लेक्समध्ये, म्हणजे लायसन्सच्या परीक्षेत, घसरलात तरी पदवी कुठे जात नाही, ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं. शिवाय कॉलेजचे कागद बोर्डाकडे जाणार, तुम्ही २०० डॉलर भरणार, मग परीक्षेला बसायची परवानगी येणार. यात आठवडे जातात. तोवर शाळांना सुट्टी लागून निम्मा ग्रुप भारतात गेलेला असतो. फक्त केकवर नावापुढे ‘आरएन’ (रजिस्टर्ड नर्स) लिहू नका. लायसन्स मिळेपर्यंत ती अक्षरं तुमची नाहीत, क्रीममध्येसुद्धा!

त्या बाईंचं म्हणाल, तर चार वर्षांचं बीएसएन (नर्सिंगची बॅचलर डिग्री) केलेली मुलगी आणि तुम्ही एकच परीक्षा देणार: कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. लायसन्सही तेच. ‘दोन वर्षं’ ही कागदावरची. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी यांत किती सेमिस्टर गेल्या ते तुम्हालाच ठाऊक. हां, बरीच मोठी हॉस्पिटलं बीएसएनवाल्यांना आधी घेतात. न्यूयॉर्कचं लायसन्स काढलंत तर तिथल्या २०१७ च्या कायद्याने १० वर्षांत बीएसएन करावंच लागतं. पण पुढे शिकायचंय म्हणून आत्ता गप्प बसायचं ठरवलं, तर पीएचडी होईपर्यंत कुणालाच पेढा मिळायचा नाही.

आधी एक रुक्ष काम. पदवीसाठीचा अर्ज भरलाय का? क्रेडिट पूर्ण झाली की पदवी आपोआप मिळते असं समजून अनेकजणी फसतात. बहुतेक कॉलेजांत अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत काही महिने आधीच संपते. स्टेजवर नाव पुकारलं म्हणजे पदवी मिळाली असंही नाही, अंतिम तपासणी नंतर होते. पार्किंगचा दंड किंवा लायब्ररीचं पुस्तक राहिलं असेल तर खात्यावर ‘होल्ड’ लागून सर्टिफिकेट अडकू शकतं. या आठवड्यातच बघून घ्या.

कॉलेजचा मोठा पदवीदान समारंभ आणि नर्सिंगचा पिनिंग समारंभ (नव्या नर्सना पिन लावतात तो), असे दोन्ही असतील आणि घरच्यांना एकाच समारंभाला येता येणार असेल, तर पिनिंगला बोलवा. मोठ्या समारंभात तुमच्या वाट्याला काही सेकंद येतात, पिनिंगला फक्त तुमची बॅच असते. पिन कुणी लावायची हे काही ठिकाणी विद्यार्थिनीला ठरवता येतं, तसं असेल तर लेकीला सांगा. मात्र घरी सराव करून घ्या. पिनचं मागचं बटण बारीक असतं, घाईत निसटून खाली पडतं आणि मग सगळे खुर्च्यांखाली शोधत बसतात. सासूबाईंना लाइव्ह लिंक पाठवा. मे महिन्यात भारत साडेनऊ तास पुढे असतो: सकाळी १० चा कार्यक्रम तिथे संध्याकाळी साडेसातला दिसेल, संध्याकाळी ६ चा मात्र पहाटे साडेतीनला.

गाऊनखाली साडी नेसायची असेल तर खुशाल नेसा, पण निऱ्या नेहमीपेक्षा बोटभर वर घ्या. गाऊन पुढून बंद असतो, रॅम्प चढताना निऱ्या उचलायला हात पोहोचत नाही. अंबाडा मानेवर खाली घाला. वर घातलात तर टोपी मागे कलते. गजरा अंबाड्याभोवती राहू द्या. समारंभ हिरवळीवर असेल तर टाचेच्या चपला मातीत रुततात.

घरच्या पार्टीला मे अखेरच्या मेमोरियल डेचा सुट्टीचा वीकेंड टाळा, लोक गावाला जातात. २५ माणसं पुरे. मिसळ ठेवा: सुकी मटकी दीड किलो, फरसाण दीड किलो, पाव ७५. मटकी दोन दिवस आधी भिजत घाला, थंड घरात मोड उशिरा येतात. हे सगळं नवऱ्याकडे द्या. स्वतःच्या पार्टीत कटाला फोडणी देत उभ्या राहिलात तर पाहुण्यांना कळणार नाही पार्टी कुणाची आहे.

ग्रुपवर निमंत्रण टाकाल तेव्हा ‘छोटंसंच’, ‘फक्त असोसिएट’ हे शब्द खोडा. ‘माझं नर्सिंगचं शिक्षण पूर्ण झालं, शनिवारी जेवायला या’, एवढं बास. त्या बाईंनाही बोलवा.