अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर आणि रात्री अकराचं निदान

“मॅडम, पुस्तकातले निम्मे आजार मला आहेत. कोर्स सोडून देऊ का?”

मानसशास्त्र शिकणाऱ्यांकडून हा प्रश्न मला दरवर्षी येतो. अपसामान्य मानसशास्त्राचा, म्हणजे मानसिक विकारांचा, पेपर सुरू झाला की जरा जास्तच. त्यातही ऑनलाइन शिकणारे अधिक धास्तावलेले असतात. वर्गात सर लक्षणं वाचून दाखवतात, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ‘अरे, हा तर मीच!’ म्हणतं, सगळे हसतात आणि निम्मी भीती तिथेच ओसरते. ऑनलाइनवाल्यांना मागचा बाकच नसतो. रेकॉर्ड केलेलं लेक्चर असतं, पीडीएफ असते आणि घरातले सगळे झोपल्यावर मिळणारा वेळ.

अनघाताई त्यातल्याच. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय 36, माध्यमिक शाळेत शिक्षिका, घरी नवरा, मुलगा, सासूबाई. बऱ्याच वर्षांची इच्छा म्हणून एमए मानसशास्त्राला ऑनलाइन प्रवेश घेतलेला. यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेश बंद केले, त्याच्या आधीचा. (तो निर्णय मला निम्मा पटतो. माणसं समोर न बसवता उपचार शिकता येत नाहीत हे खरंच. पण नोकरी-संसार सांभाळून नुसता विषय समजून घेणाऱ्यांची वाट त्यात बंद झाली.)

पहिल्या भेटीत त्यांनी दोनशे पानी वही टेबलावर ठेवली. प्रत्येक विकाराचे डीएसएममधले (मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरतात त्या पुस्तकातले) निकष सुबक अक्षरात उतरवलेले आणि समोर पेन्सिलीने टिका. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार), मंत्रचळ, बायपोलर (मनःस्थिती टोकाची वरखाली होण्याचा विकार), बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व, सगळीकडे टिकाच टिका. मधल्या एका पानावर सासूबाईंच्या नावानेही निकष उतरवले होते, तिथे नऊपैकी आठ. ते पान मी न बोलता उलटलं.

बायपोलरपाशी थांबलो. तिथे ‘हायपोमेनिया’समोर सलग चार दिवसांचा निकष असतो: उत्साह चढलेला, झोप कमी, बोलणं जास्त, हात सैल. “दिवाळीच्या आधी अगदी हेच झालं,” त्या म्हणाल्या. “चार दिवस रात्री दोनपर्यंत जागी. चकल्या, अनारसे, शेव. दिवसभर बडबड, आणि बाजारात जाऊन वारेमाप खर्च.”

“आणि भाऊबीजेला?”

“दुपारी जी झोपले ती दिवेलागणीला उठले.”

हायपोमेनियात झोपेची गरजच कमी होते. तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो, आणि हा बदल त्याच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा इतका वेगळा असतो की तो इतरांनाही जाणवतो. अनघाताईंना झोप हवी होती, मिळत नव्हती. घरातल्या कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण दर दिवाळीला त्यांच्या घरात हेच चालतं.

एडीएचडीचंही तेच. किल्ल्या विसरतात, फोन कुठे ठेवला आठवत नाही. पण लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून दिसायला हवीत, ही ओळ वहीत होती आणि तिच्यासमोर टीक नव्हती. पाचवीत त्या वर्गप्रमुख होत्या, वह्या वेळेत पूर्ण, डबा कधी विसरला नाही. लक्षणांच्या यादीत आपण सगळेच सापडतो. ती किती काळ आहेत, कधीपासून आहेत, त्यांनी काम आणि नाती किती बिघडवली आहेत, या ओळी निकषांत असतातच. घाबरलेला विद्यार्थी नेमक्या त्याच गाळून वाचतो.

1948 साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एक उतारा दिला. तो किती लागू पडतो याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. उतारा सगळ्यांना एकच होता, आणि बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. तेव्हा एकट्याने, रात्री, स्वतःला समोर ठेवून वाचलेले निकष लागू पडले नसते तरच नवल.

इथवर नेहमीचंच होतं. पण वही परत चाळताना दिसलं की स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे ज्यात नसलेले आवाज ऐकू येतात, भ्रम होतात त्या आजाराचं, पान कोरं आहे. फक्त शीर्षक.

“हे राहिलं?”

बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, “मामाला आहे. म्हणजे असावा. आमच्याकडे ‘बाहेरचं झालंय’ म्हणायचे.” आणि मग खरी गोष्ट निघाली. महिन्यापूर्वी डोळा लागता लागता कुणीतरी स्पष्ट ‘अनू’ अशी हाक मारली. उठून पाहिलं तर कुणी नाही. दुसऱ्या दिवसापासून वही सुरू झाली. बाकीचे आजार त्या मोजत होत्या ते या एकाकडे बघावं लागू नये म्हणून, असं माझं मत झालं.

झोप लागताना किंवा जाग येताना ऐकू आलेली हाक हा आजार नाही. अनेक निरोगी माणसांना तो अनुभव येतो आणि निदान करताना तो धरत नाहीत. आनुवंशिकतेचा प्रश्न मात्र मी टाळला नाही. स्किझोफ्रेनियाचा धोका सर्वसाधारण लोकांत साधारण 1 टक्का धरतात. आईवडील किंवा सख्खं भावंड आजारी असेल तर तो बराच वाढतो, मामा-काका असतील तर 3-4 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त भाचरांना तो होत नाही. आकडा ऐकून त्यांनी तो वहीत लिहिला, कोऱ्या पानावर.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. विकारांची प्रकरणं दिवसा, टेबलाशी बसून वाचायची, अंथरुणात फोनवर नाही. आणि मामांबद्दल आईला थेट विचारायचं. दुसरी त्यांना जड गेली. आईने आधी उडवून लावलं, मग एका दुपारी भाजी निवडताना सगळं सांगितलं: बाविसाव्या वर्षी वसतिगृहातून घरी आणलेला भाऊ, दोन-तीन वर्षं अंगारे-धुपारे आणि देवऋषी, शेवटी मानसोपचारतज्ज्ञ. आज मामा गोळ्या घेतात आणि पिठाच्या गिरणीवर हिशेब बघतात. अनघाताईंच्या डोक्यात मात्र लहानपणी पाहिलेली, बाहेरून कडी लावलेली मागची खोलीच होती.

सगळ्यांचीच गोष्ट इतकी सरळ निघत नाही. दोन आठवडे रोज मन उदास आहे, झोप-भूक उडाली आहे, काम होत नाही, जागेपणी आवाज येतात किंवा जगणं नको वाटतं, असं असेल तर ‘अभ्यासामुळे वाटतंय’ म्हणून अंगावर काढू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

अनघाताईंनी कोर्स सोडला नाही. स्किझोफ्रेनियावरची असाइनमेंट सगळ्यात शेवटी लिहिली, पण लिहिली. मामांना तपासणीला आजवर आई घेऊन जायची. पुढच्या महिन्यात त्या जाणार आहेत. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी वहीत काढून ठेवलेत, आणि त्यातला एकही स्वतःबद्दलचा नाही.