काळ्या पाण्यावर आईला नेताना

प्रश्न : ताई, दारव्हा तालुक्यात माझी सहा एकर कोरडवाहू शेती आहे. कापूस-तूर विकून फेब्रुवारीत आईला अंदमान दाखवायचं ठरवलंय. आई ६६ वर्षांची, गुडघ्यांनी बेजार. समुद्र तिनं कधी पाहिलेला नाही. एजंटनं सात दिवसांत पाच बेटं असा बेत दिलाय, त्यात बाराटांगही आहे. ‘रस्त्यात आदिवासी दिसतील’ म्हणतो. जहाजानं जावं की विमानानं? काय ठेवू, काय गाळू?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पाच बेटं नका करू. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर सासूबाईंना घेऊन गेले होते, त्याही फेब्रुवारीतच. पोर्ट ब्लेअर (आता श्रीविजयपुरम), हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, एवढंच सात दिवसांना पुरतं.

जहाजाला चेन्नईहून तीन दिवस लागतात, आणि लाटांनी पोट ढवळतं. नागपूरहून रेल्वेनं चेन्नई गाठा, पुढं विमान. दोन-सव्वादोन तासांत पोचाल.

पहिल्याच दिवशी सेल्युलर जेल बघा, समुद्र नंतर. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं त्याचं बांधकाम चाललं. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघाल्या होत्या. आज तीनच उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ यायची, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये. सावरकर १९११ साली इथं आले. थोरले बंधू बाबाराव आधीच याच तुरुंगात होते, तरी किती तरी दिवस दोघांची गाठ पडली नाही. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. आईला जिने झेपत नसतील तर खालीही पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

खालच्या कोठडीच्या दारात जरा थांबा. कडी दारावर नाहीच. लांब लोखंडी दांडा बाजूच्या भिंतीतल्या खोबणीत जातो आणि कुलूप तिथं लागतं. गजांतून हात कितीही लांबवला तरी पोचत नाही. मी आत उभी राहून खांद्यापर्यंत हात बाहेर काढून पाहिला.

अंगणात कोलू, म्हणजे कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा घाणा, मांडलाय. सासूबाईंच्या माहेरी, आर्वीकडं, लाकडी तेलघाणी होती, बैल फिरायचा. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. खोबऱ्याचं ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो तेल दिवसाला काढायचं, असं मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “बैलाचं काम माणसाले लावलं बाप्पा!” आणि तिथंच खाली बसल्या. १९३३ मध्ये इथल्या राजकैद्यांनी केलेल्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा गेले. ती नावंही आईला वाचून दाखवा.

बाराटांग मात्र गाळाच. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्यानं सोडतात. थांबायला, फोटो काढायला, खायला द्यायला बंदी आहे. बाहेरच्यांशी संबंध वाढल्यावर १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली होती. आपल्या मेळघाटात कोरकूंच्या अंगणात गाडी उभी करून कुणी फोटो काढले तर आपल्याला कसं वाटेल? ‘आदिवासी दिसतील’ असं सांगून सहल विकणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

वाचलेला दिवस नीलला द्या. फाळणीनंतर आलेल्या बंगाली कुटुंबांनी हे बेट वसवलं. किनाऱ्यांची नावं भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर. आत शिरलात की भाजीचे मळे, सुपारी, केळी. तुम्ही बांधावर उभे राहाल आणि शेतकऱ्याशी बोलणं आपोआप सुरू होईल. बोली हिंदीच. बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडून आलेले मजूर, जुन्या कैद्यांचे वंशज, सगळे एकमेकांशी हिंदीतच बोलतात. एका मळ्यातल्या आजीनं सासूबाईंना शहाळं दिलं, आमच्या डब्यातला तिळाचा लाडू घेतला, आणि दोघी अर्धा तास गुडघ्यांबद्दल बोलत बसल्या.

हॅवलॉकला राधानगरच्या किनाऱ्यावर चारलाच पोचा. तिथं साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. आपल्याकडच्या हिशेबानं गेलात तर अंधारच हाती लागेल. वाळू घट्ट आहे, आईला चालता येईल. पाण्यात उतरण्याआधी मगरीच्या सूचनेची पाटी आहे का बघा, जीवरक्षकाला विचारा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात. आमची एक झाली होती, म्हणून परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये मोकळा ठेवा. रोख पैसे जवळ असू द्या, बेटांवर मोबाईलला रेंज सगळीकडे धड नसते.

शंख-पोवळं काही उचलू नका, विमानतळावर सामान तपासतात. सासूबाईंनी एक शंख पदराच्या गाठीत बांधला होता. निघताना मी सांगितलं, तेव्हा त्यांनी गाठ सोडली, शंख कपाळाला लावला आणि लाटेत ठेवला.