मुलगा दोघांशीही खोटं का बोलतो?

‘माझ्याशी एक बोलतो, तिकडे जाऊन भलतंच सांगतो. इतका खोटारडा कसा झाला?’ वेगळे राहणारे आईवडील हा प्रश्न हमखास घेऊन येतात.

नववीतला एक मुलगा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). आठवडाभर आईकडे, शनिवार-रविवार वडिलांकडे. आईला सांगायचा, ‘पप्पांकडे कंटाळा येतो.’ वडिलांना सांगायचा, ‘आई सारखी ओरडते.’ रविवारी संध्याकाळी डोकं दुखायचं, सोमवारी शाळा बुडायची. सहामाहीत दोन विषयांत नापास झाला, तेव्हा दोघं बऱ्याच काळाने शाळेत शेजारी शेजारी बसले. हे सांगताना मुलाचा चेहरा खुलला होता. नापास झालं की आईबाबा एकत्र येतात, एवढं त्याला कळलं होतं.

तो खोटं बोलायचा ते कुणालाच दुखवायचं नाही म्हणून. तिकडे मजा आली म्हटलं की आईचा चेहरा पडायचा. चौदाव्या वर्षी दोघांचीही बाजू समजते, म्हणून मूल जास्तच कात्रीत सापडतं. त्यात निरोप्याही तोच: ‘पप्पांना सांग, क्लासची फी राहिलीय.’

अशा खोटेपणाला शिक्षा करून काही साधत नाही. आधी निरोप बंद केले. फी, अभ्यास, तब्येत एवढ्याच विषयांवर आईवडिलांनी आपसात व्हॉट्सॲपवर लिहायचं, जुनी भांडणं तिथे काढायची नाहीत. मुलगा परत आला की पहिला तासभर चौकशी नाही, ‘जेवलास का?’ पुरे. दोघांनीही त्याला स्पष्ट म्हणायचं, ‘तिकडे तुला बरं वाटलं तर मला आवडेल.’ हे वाक्य आईला फार जड गेलं, आणि त्यात नवल नाही. मुलालाही एक वाक्य दिलं: ‘हे तुम्ही एकमेकांशी बोला.’ पालकसभेला मात्र दोघांनी जायचं, निकाल काहीही लागो.

बिनसतं ते पुढे. निरोप थांबतात, पण सुस्कारे आणि ‘तिथे कोण कोण होतं?’ चालूच राहतं. मुलंही सुरुवातीला मुद्दाम कागाळ्या करून बघतात. तेव्हा एकाने जरी ‘बघ, मी म्हणत होते ना!’ म्हटलं की पहिले पाढे पंचावन्न. या मुलाची डोकेदुखी आधी कमी झाली. मार्क सावरायला वेळ लागला.

घरात मारहाण असेल तर यातलं काही लागू नाही, तिथे आधी मुलाची सुरक्षितता. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा जगायचं नाही म्हणत असेल तर थांबू नका: मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.