बिघडलेल्या वस्तूंच्या सुट्या भागांतून आठवीतल्या मुलासोबत काय बनवता येईल? (नाशिक)

जुन्या डीव्हीडी ड्राइव्हपासून सुरुवात करा. एम. जी. रोडच्या परिसरात कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडे विचारलंत तर बंद पडलेला एखादा ड्राइव्ह मिळून जाईल. ट्रे आत-बाहेर करणारी छोटी मोटर दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर फिरते. प्लास्टिकच्या बाटलीची पाती कापून लावली की झाला पंखा.

पण खरी गंमत उलटी आहे. सेल काढा, मोटरच्या दोन टोकांना लाल एलईडी जोडा आणि दाते असलेली चाकं हाताने जोरात फिरवा. एलईडी लुकलुकतो, तोही एकाच दिशेने फिरवल्यावर. का, ते मुलालाच शोधू द्या. लालच घ्या, कारण त्याला साधारण २ व्होल्ट पुरतात. पांढऱ्याला ३ लागतात.

मोबाइलच्या जुन्या चार्जरवर रात्रीचा दिवाही होतो. ५ व्होल्टला लाल एलईडी थेट जोडू नका, जळेल. मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर (विजेचा प्रवाह कमी करणारा छोटा भाग) घाला. जुन्या रेडिओच्या बोर्डवर मिळाला तर लाल-लाल-तपकिरी पट्टे बघून ओळखा. चार्जर मात्र उघडायचा नाही, त्याची केबल कापून वापरा.

मायक्रोवेव्ह आणि जुना डबा टीव्ही यांना हात लावू नका. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, जीवघेणा झटका देऊ शकतो. फुगलेली मोबाइल बॅटरीही नको. तारा जोडण्यासाठी सोल्डरिंग (धातू वितळवून डाग देणं) करायचं तर खिडकीजवळ करा, तुम्ही शेजारी बसून.