वनस्पती परिसंस्थाशास्त्रज्ञ आयुष्यभर नेमके कोणते संशोधन करतो? एखाद्या शास्त्रज्ञाच्या उदाहरणाने सांगाल का?

रानात जाऊन झाडाझुडपांच्या नोंदी करत राहणे याला संशोधन का म्हणायचे आणि अशा कामातून विज्ञानाच्या हाती काय लागते, असा तुमच्या प्रश्नाचा रोख मला दिसतो. मी वनस्पतिशास्त्र शिकलो आणि पुढे अनेक वर्षे ते शिकवले. हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून आला की मी विल्यम स्किनर कूपर (१८८४–१९७८) या अमेरिकी शास्त्रज्ञाचे उदाहरण देत असे. वनस्पती परिसंस्थाशास्त्राच्या, म्हणजे वनस्पती आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या, इतिहासात त्यांच्याहून प्रसिद्ध नावे पुष्कळ आहेत, पण शास्त्राचा स्वभाव ज्यातून कळावा असे दुसरे आयुष्य मला सापडलेले नाही.

कूपर शिकागो विद्यापीठात हेन्री काउल्स यांच्या हाताखाली तयार झाले. काउल्स यांनी मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करून १८९९ मध्ये असे मांडले होते की, पाण्याजवळच्या नव्या उघड्या वाळूपासून आतल्या जुन्या टेकड्यांकडे चालत गेले, तर आपण जणू काळातून चालत जातो. आधी गवत, मग झुडपे, मग वृक्ष अशा क्रमाने एक वनस्पतीसमूह जाऊन त्याच्या जागी दुसरा येतो. या प्रक्रियेला अनुक्रमण म्हणतात. उघड्या, मातीही तयार न झालेल्या जमिनीवर ते सुरू झाले, तर ते प्राथमिक अनुक्रमण.

कूपर यांचे पहिले मोठे काम सुपीरियर सरोवरातील आइल रॉयल या बेटावरच्या जंगलाविषयीचे असून ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अनुक्रमणाच्या शेवटी जे जंगल उभे राहते ते स्थिर आणि एकजिनसी असते, अशी तेव्हाची समजूत होती. कूपर यांना मात्र तिथे वाऱ्याने उन्मळून पडलेल्या झाडांच्या मोकळ्या जागा, त्यात उगवलेली कोवळी रोपे आणि शेजारीच जुनी झाडे असे ठिगळाठिगळांचे जंगल दिसले. प्रत्येक ठिगळ सतत बदलत असते आणि सगळे मिळून जंगल मात्र तेच राहते, हा त्यांचा निष्कर्ष होता. जंगलातील अशा मोकळ्या जागांचा अभ्यास पुढे कित्येक दशकांनी मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, हे लक्षात घेतले तर त्यांची नजर किती पुढची होती हे कळते. कॅलिफोर्नियातील जाड, चिवट पानांच्या झुडुपांवरचा त्यांचा १९२२ चा ग्रंथ आणि उतारवयात पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर केलेले काम हेही मोलाचे आहे. तरी त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर अलास्कात आहे.

अलास्काच्या आग्नेय भागात ग्लेशियर बे नावाची खाडी आहे. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील लोक तिथून गेले तेव्हा ती जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेली होती. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर तिथे पोहोचले तोवर बर्फ साठ किलोमीटरहून अधिक मागे सरला होता, आणि कूपर १९१६ मध्ये प्रथम गेले तेव्हा ही माघार सुमारे शंभर किलोमीटरवर गेली होती. अभ्यासकाच्या दृष्टीने याचे महत्त्व फार मोठे आहे. कोणती जमीन कोणत्या सुमारास बर्फाखालून उघडी पडली हे लिखित नोंदींवरून ठाऊक असल्यामुळे तिथल्या प्रत्येक टप्प्याचे वय सांगता येत होते. खाडीच्या आतल्या टोकाला नुसता दगडगोटा आणि रेती, त्यावर शेवाळे आणि ड्रायास या जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पतीच्या चटया, पुढे वाळुंजाच्याच प्रजातीतली विलोची झुडपे, मग आल्डर या झुडपाची गच्च जाळी आणि मुखाकडे स्प्रूस व हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षांचे उंच जंगल असा तो देखावा होता.

काउल्स यांच्या पद्धतीने या टप्प्यांची तुलना करून कूपर यांना परत फिरता आले असते. ते तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे योगदान इथेच आहे. वेगवेगळ्या वयाच्या जागा एकाच वेळी पाहून काढलेल्या निष्कर्षात एक गृहीत दडलेले असते. एक मूल, एक तरुण आणि एक वृद्ध अशी तीन माणसे एका दिवशी पाहून एकाच माणसाचे आयुष्य कसे गेले असेल ते ठरवावे, तसे ते आहे. आजचा वृद्ध लहानपणी आजच्या मुलासारखाच होता, हे कशावरून? कूपर यांनी उघड्या जमिनीवर एक चौरस मीटरचे कायमचे चौकोन आखले, त्यांतील प्रत्येक रोपाची जागा नकाशात नोंदवली आणि तेच चौकोन पुन्हा मोजण्यासाठी ते १९२१, १९२९ आणि १९३५ मध्ये परत गेले.

एक चौरस मीटर ऐकायला फार लहान वाटते. विद्यार्थी असताना मी असा चौकोन आखला आहे, म्हणून त्यातील कष्ट सांगू शकतो. चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकायच्या, दर दहा सेंटिमीटरवर सुतळी ताणून शंभर घरे पाडायची, आणि मग गुडघ्यांवर बसून एकेका घरातील रोप कागदावरच्या त्याच घरात उतरवायचे. एकाच मुळापासून निघालेले गवताचे दोन फुटवे ही दोन रोपे की एक, हे ठरवण्यातच वेळ जातो. पाने फुटायच्या अवस्थेतील रोपाची जात ओळखता आली नाही, तर तसे प्रामाणिकपणे लिहावे लागते, कारण आज अंदाजाने लिहिलेले नाव पुढच्या मोजणीत ‘एक जात नाहीशी झाली’ असा खोटा पुरावा ठरते. मला एका चौकोनाला अर्धा दिवस लागला होता. कूपर हेच काम हिमनद्यांच्या थंड वाऱ्यात, होडीने पोहोचावे लागणाऱ्या किनाऱ्यावर करत होते.

ज्या १९१६ साली हे चौकोन आखले गेले, त्याच साली फ्रेडरिक क्लेमेंट्स यांचा अनुक्रमणावरचा मोठा ग्रंथ आला. वनस्पतीसमूह हा एखाद्या सजीवासारखा जन्मतो, वाढतो आणि ठरलेल्या प्रौढ अवस्थेला पोहोचतो, हा त्यांचा सिद्धांत पुढे बराच काळ प्रभावी राहिला. कूपर यांनी १९२६ च्या एका लेखात वेगळे चित्र मांडले. वनस्पतीजीवन हा अनेक धारांचा प्रवाह आहे, त्याच्या धारा फुटतात, पुन्हा मिळतात आणि कुठेही थांबत नाहीत, असे ते चित्र होते. मला हे रूपक आजही अधिक खरे वाटते.

संशोधनाइतकेच महत्त्वाचे त्यांचे दुसरे काम म्हणजे ही जागा राखणे. १९२२ च्या अखेरीस त्यांनी इकॉलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेपुढे ग्लेशियर बेचे महत्त्व मांडले, त्यासाठी नेमलेल्या समितीचे नेतृत्व केले आणि स्थानिक विरोध असतानाही पाठपुरावा सोडला नाही. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी २६ फेब्रुवारी १९२५ रोजी ही खाडी राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. १९८० मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली. मिनेसोटा विद्यापीठात १९१५ ते १९५१ अशी छत्तीस वर्षे शिकवताना त्यांनी हेन्री ऊस्टिंग, रेक्सफर्ड डॉबनमायर यांसारखे पुढे नामवंत झालेले अभ्यासक घडवले.

त्यांच्यानंतर डोनाल्ड लॉरेन्स यांनी १९४० च्या दशकापासून हे चौकोन पुढे सांभाळले आणि नायट्रोजनचा प्रश्न हाती घेतला. बर्फाखालून नुकत्याच निघालेल्या जमिनीत नायट्रोजन जवळजवळ नसतो. आल्डरच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत राहणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन बांधून घेतात, आणि गळलेल्या पानांवाटे तो मातीत उतरतो. १९५५ मध्ये क्रॉकर आणि मेजर यांनी याच खाडीत दाखवले की आल्डरखाली माती आम्लधर्मी होत जाते, तिचा सामू (pH) सुमारे ८ वरून काही दशकांत ५ च्या आसपास येतो. त्यावरून ‘आल्डर आधी जमीन तयार करतो, मग स्प्रूस येतो’ हे सुटसुटीत चित्र पाठ्यपुस्तकांत रुजले.

ते चित्र अपुरे होते. ख्रिस्तोफर फास्टी यांनी १९९५ मध्ये झाडांच्या वार्षिक वलयांवरून दाखवले की, खाडीच्या मुखाकडच्या जुन्या जागांवर स्प्रूस सुरुवातीलाच आला होता, तिथे आल्डरचा टप्पा तसा आलाच नव्हता. बियांचा स्रोत किती जवळ होता यावर बरेच अवलंबून होते. म्हणजे आजचा वृद्ध लहानपणी आजच्या मुलासारखा नव्हता.

मधल्या काळात कूपर यांच्या चौकोनांचा ठावठिकाणा हरवला होता. परिसंस्थाशास्त्रज्ञ ब्रायन बूमा यांनी कूपर यांची मूळ टिपणे आणि छायाचित्रे शोधून २०१६ मध्ये ते पुन्हा गाठले. चुंबकीय उत्तर शंभर वर्षांत सरकलेली असल्याने होकायंत्राचे जुने कोनही त्यांना दुरुस्त करून घ्यावे लागले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या चौकोनांतील वनस्पती शतकभरात जवळजवळ पूर्ण बदलल्या आहेत. पहिल्या पिढीतील फक्त विलो टिकून आहे, आणि जिथे तिने जागा व्यापली तिथे शंभर वर्षांनंतरही स्प्रूस रुजलेला नाही. सुरुवातीला कोणते रोप योगायोगाने कुठे लागले याचे पडसाद शतकभर उमटत राहतात, हे दाखवायला १९१६ चा हाताने काढलेला नकाशाच लागला. तो नसता तर आजची विलो तिथे कधी आली हे सांगणे अवघड गेले असते. प्राथमिक अनुक्रमणाची नोंद ठेवणारे हे जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेले चौकोन मानले जातात, आणि त्यांची पुढची मोजणी करणाऱ्याला आता कूपर यांच्या नकाशांसोबत बूमा यांच्या नोंदीही हाती असतील.