वाचकांचे प्रश्न : कानातल्या नसांचं मॉडेल

प्रश्न : कॉक्लिअर इम्प्लांटच्या (ऐकू येण्यासाठी कानात बसवायच्या यंत्राच्या) शस्त्रक्रियेसाठी अनेक रुग्णांच्या सीटी स्कॅनवरून कानातून जाणारी चेहऱ्याची नस आणि तिची चवीची बारीक शाखा कोर्डा टिम्पनी यांचं सरासरी मॉडेल करतोय. नसेचं वळण बोथट येतं आणि कोर्डा भलतीकडेच जाते. काय चुकतंय?
– एक विद्यार्थी, धंतोली, नागपूर

उत्तर : चूक बहुधा बिंदूंच्या जुळणीत आहे. पूर्ण नसेवर समान अंतराने बिंदू पेरले, की एका रुग्णाचा वळणावरचा बिंदू दुसऱ्याच्या सरळ भागावर पडतो आणि सरासरीत वळण पुसलं जातं. म्हणून पहिलं वळण, दुसरं वळण आणि कवटीबाहेर पडण्याचं छिद्र या तीन खुणा आधी पक्क्या करा. मगच मधले तुकडे समान भागांत वाटा. डावे कान आरशासारखे उलटवून घ्या. मॉडेल जुळवताना फक्त फिरवा-सरकवा, मोजमाप बदलू नका. शस्त्रक्रियेत हाडात वाट कोरणाऱ्या ड्रिलला खरे मिलिमीटरच लागतात.

कोर्डाचं दुखणं वेगळं. ती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे 0.6 मिमीच्या स्लाइसमध्ये (स्कॅनच्या एका कापात) एखाद-दुसरा ठिपका. चित्रातल्या नुसत्या करड्या छटेवरून ती सापडणार नाही. शिवाय ती मुख्य नसेतून बहुतेकदा छिद्राच्या काही मिलिमीटर वर फुटते, कधी छिद्राबाहेरही. हे अंतर मॉडेलमध्ये स्वतंत्र ठेवा, सरासरीत मिसळू नका.

तपासताना एकेक कान बाजूला ठेवून उरलेल्यांवरून त्याचा अंदाज काढा. सरासरी चूक छान दिसली तरी भुलू नका, सर्वांत मोठी चूक बघा. दोन नसांमधली ड्रिलची वाट जेमतेम 2-3 मिमी असते. जन्मजात विकृती असलेल्या कानावर मात्र हे मॉडेल वापरूच नका.