सार्कसारख्या चिमुकल्या बेटावर पोलीस असतात का?

असतात, पण आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं मोठं ठाणं नाही. इंग्लिश खाडीतल्या सार्कवर वस्ती जेमतेम ५००-६००. बंदोबस्त पाहतात एक कॉन्स्टेबल आणि त्याचा मदतनीस. दोघंही बेटावरच्या सभेने निवडलेले. मोठं प्रकरण असेल तर शेजारच्या गर्न्सीचे पोलीस येतात.

तुरुंग १८५६ चा. दोनच कोठड्या, त्यांना खिडकीसुद्धा नाही! कैद्याला फार तर दोन दिवस ठेवतात, मग गर्न्सीला रवानगी.

१९९० मध्ये एक फ्रेंच माणूस बंदूक घेऊन एकटाच बेट जिंकायला आला होता. बाकावर बसलेला असताना त्याला कॉन्स्टेबलने पकडलं. माझ्या मते ही हिंमत खरंच मोठी, कारण हाकेच्या अंतरावर कुमक नव्हती, मध्ये समुद्र होता.